ठाणे-नवी मुंबईत नव्याने नोकरीला लागताय? ऑफिसातल्या मर्यादा कशा सांगायच्या, कशा पाळायच्या

पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी बहुतेक सगळ्यांच्या बाबतीत होतात. कुणीतरी तुम्हाला व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकतं, कुणीतरी पूर्ण नाव विचारतं आणि संध्याकाळी कुणीतरी "चल, स्टेशनला सोडतो" म्हणतं. तिन्ही गोष्टी साध्याच. पण त्या वेळी तुम्ही काय बोलता, त्यावरून तुमच्याशी कसं वागायचं हे लोक ठरवून टाकतात. पडलेली सवय सहा महिन्यांनी मोडायला गेलं की "आता अचानक काय झालं हिला?" असं ऐकावं लागतं. म्हणून सुरुवातीलाच काय बघायचं, काय बोलायचं आणि गोष्ट हाताबाहेर गेली तर कुठे जायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे. वागळे इस्टेटमधलं छोटं वर्कशॉप असो, रबाळे-महापेची एमआयडीसी असो, ऐरोलीचं आयटी पार्क असो की बेलापूरचं ऑफिस, यातलं बहुतेक सगळीकडे लागू पडतं.

१. रुजू होतानाच हे हातात असू द्या

- नेमणूकपत्राची प्रत. त्यावर कंपनीचं नाव आणि कामाचा पत्ता नीट वाचा. कित्येकदा काम एका कंपनीत आणि पगार एजन्सीकडून किंवा ठेकेदाराकडून असतो. पुढे अर्ज करायची वेळ आली तर दोन्ही नावं लागतात.
- कंपनीची आचारसंहिता आणि एचआर धोरण. "पोर्टलवर आहे" असं सांगतील. ते उघडून वाचा. भेटवस्तू, फोटो, सोशल मीडिया आणि तक्रार कुणाकडे करायची, एवढी चार प्रकरणं तरी वाचाच.
- अंतर्गत समितीच्या, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीच्या, फलकाचा फोटो. १० किंवा त्याहून जास्त माणसं काम करत असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार, म्हणजे लोक ज्याला पॉश कायदा म्हणतात त्यानुसार, ही समिती असावीच लागते आणि तिचा आदेश दिसेल अशा जागी लावावा लागतो. अध्यक्षपदी वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला सदस्य चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा. समितीच नसेल तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
- ओळखपत्र आणि पगाराच्या स्लिपा, स्वतःच्या मेलवर.
- एक साधी वही. तिचं काम नवव्या पायरीवर येईल.

इथला नेहमीचा घोटाळा म्हणजे सगळं कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवणं. राजीनामा दिला किंवा काढून टाकलं की त्याच दिवशी लॉगिन बंद होतं. मात्र स्वतःच्या मेलवर फक्त तुमच्याशी संबंधित कागद ठेवा. ग्राहकांची माहिती, किमतींचे तक्ते, कोड यातलं काही पाठवलंत तर नियमभंग तुमच्याच नावावर लागेल.

२. नाव, हाक आणि तू-तुम्ही

इंग्रजीत सगळे एकमेकांना पहिल्या नावाने बोलावतात, त्यामुळे प्रश्न येत नाही. मराठीत बोलायला लागलं की येतो. सोपा नियम: सगळ्यांशी "तुम्ही"ने सुरुवात करा. "अरे, तू म्हण रे" हे समोरच्याने म्हणू दे. वयाने मोठा माणूस पदाने तुमच्या हाताखाली असेल तर "तुम्ही" सोडू नका. पंचविशीतला इंजिनियर पन्नाशीच्या ऑपरेटरला "ए, इकडे ये" म्हणतो तेव्हा मशीनवरची बाकीची दहा माणसं ते ऐकत असतात.

याहून बारीक गोष्ट सहज सुटते. एकाच पदावरच्या पुरुषाला "सर, तुम्ही सांगा" आणि बाईला "प्रिया, तू जरा चहाचं बघतेस का?" मीटिंगची टिपणं, केक आणणं, पाहुण्यांना पाणी देणं ही कामं न सांगता बायकांकडे सरकतात. तुम्ही टीम सांभाळत असाल तर पाळ्या लावा आणि पहिली पाळी स्वतःची घ्या. "बेटा", "डिअर", "ए पोरी" हे शब्द ऑफिसात नकोत, मन कितीही साफ असलं तरी.

सफाई करणाऱ्या ताईंचं, चहावाल्या दादांचं आणि गेटवरच्या सिक्युरिटीचं नाव पहिल्याच दिवशी विचारून घ्या. "मावशी" म्हणण्यात वावगं काही नाही, पण तीन वर्षं रोज तुमचं टेबल पुसणाऱ्या बाईचं नाव माहीत नसणं बरं दिसत नाही.

भाषेचंही तसंच. नवी मुंबईत एका टेबलावर मराठी, मल्याळी, गुजराती, हिंदी बोलणारी माणसं बसतात. कामाची चर्चा सगळ्यांना कळेल अशा भाषेत करा. आणि आगरी बोलीची नक्कल करून हसणं कटाक्षाने टाळा. १९७० मध्ये सिडको आली आणि आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. त्या गावांतली मुलं आज तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आहेत, त्यांच्या घरच्या भाषेला हसायचा कुणालाही हक्क नाही.

३. जे प्रश्न विचारायचे नसतात

"पूर्ण नाव काय?", "गाव कुठलं?", "तुमच्यात मटण चालतं का?" हे तीन प्रश्न पाठोपाठ आले की जात काढली जातेय हे प्रत्येकाला कळतं, विचारणाऱ्यालाही. विचारू नका. तुम्हाला कुणी विचारलं तर थोडक्यात उत्तर द्या आणि लगेच कामावर या: "मी साताऱ्याकडचा. बरं, त्या ऑर्डरची फाइल कुणाकडे आहे?" दोनदा असं झालं की बहुतेक जण थांबतात. "कोट्यातून आलेला" हे शब्द गमतीतही चालत नाहीत. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून अपमान करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार थेट पोलिसांत करता येते.

लग्न कधी, गुड न्यूज कधी, पगार किती, भाडं किती, घटस्फोट का झाला हे समोरच्याने आपणहून सांगितलं तर ऐका आणि तिथेच ठेवा. "जाड झालीस", "तब्येत सुधारली की" हेही नको. कौतुक करायचंच असेल तर कामाचं करा: "काल तो हिशेब छान जुळवलास." डब्याबद्दल एवढंच, की शेजारच्याने सुकट आणली म्हणून नाक धरू नका, आणि कुणाच्या उपासावर शेरा मारू नका.

४. फोन आणि ग्रुप

सगळ्यात जास्त भानगडी इथे होतात, म्हणून थोडं सविस्तर.

शक्य असेल तर कामासाठी वेगळा नंबर ठेवा. नसेल तर डीपी आणि स्टेटस कोण बघू शकतं ती सेटिंग रुजू व्हायच्या आदल्या रात्रीच बदला. ऑफिसचे दोन ग्रुप असू द्या, एक कामाचा, एक गप्पांचा. कामाच्या ग्रुपवर सुप्रभात, देवाचे फोटो, राजकारण, "फक्त पुरुषांसाठी" म्हणून फिरणारे विनोद यातलं काही टाकू नका. असला विनोद किंवा व्हिडिओ ग्रुपवर आला आणि तुम्ही हसरा चेहरा टाकलात, तर पुढे चौकशीत तो स्क्रीनशॉट तुमच्याही नावाने दिसतो.

कामाच्या वेळेनंतरचे मेसेज पहिल्या पंधरवड्यात मार्गी लावा. असं लिहून टाका:

"सर, रात्री आठनंतरचे मेसेज मी सकाळी साडेनऊला बघेन. काही बंद पडलं असेल किंवा ग्राहक अडला असेल तर थेट फोन करा, मी उचलेन."

यात नकार आहे आणि अडचणीला दारही उघडं आहे, त्यामुळे वरिष्ठाला राग यायचं कारण उरत नाही. ही ओळ लिहून झाल्यावर रात्री अकराला स्वतःच उत्तर दिलंत तर ती पुसली गेली असं समजा.

आता दुसरी बाजू. शिफ्टच्या यादीत सहकारी बाईचा नंबर आहे तो शिफ्टसाठी. त्यावर "हाय", मग "जेवलीस का?", मग "डीपी मस्त आहे" ही चढण सगळ्या बायकांना पाठ असते. कामाबाहेरच्या मेसेजला उत्तर आलं नाही, किंवा "हं", "ओके" एवढंच आलं, तर थांबा. तुमचे दोन मेसेज उत्तराविना पडले असतील तर तिसरा पाठवायचा नसतो. नकार दिल्यावरही बाईला वारंवार संपर्क करत राहणं, तिच्या ऑनलाइन हालचालींवर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे.

पावसाळ्यात गाड्या अडकतात तेव्हा ग्रुपवर नेमकं लिहा: "तुर्भ्याच्या आधी गाडी थांबलीय, ११ पर्यंत पोचेन, मीटिंग फोनवरून जोडतो." गुडघाभर पाण्याचे सहा फोटो टाकले तरी तुम्ही किती वाजता येणार ते कुणालाच कळत नाही.

५. अंतर, लिफ्ट आणि कॅब

दुसऱ्याच्या स्क्रीनवर काही दाखवायचं तर बाजूला, हातभर अंतरावर उभं राहा. मागून वाकून खुर्चीच्या पाठीवर हात टेकवू नका. माउस हवा असेल तर "मी घेऊ का?" विचारा आणि समोरच्याने हात काढल्यावर घ्या. खांद्यावर थाप, टाळीसाठी पुढे केलेला हात, केसात अडकलेला कागदाचा कपटा काढणं, यातलं काहीही न विचारता नको.

कारखान्यात मशीन शिकवताना शिकणाऱ्याचा हात धरून लिव्हर फिरवू नका. आधी स्वतः करून दाखवा, मग बाजूला होऊन त्याला किंवा तिला करू द्या. उंचीवरच्या कामाचा पट्टा तपासावाच लागतो, तिथे संकोच करून चालणार नाही. त्याची रीत अशी: पट्टा ज्याचा त्याने बांधायचा, तुम्ही बकलं नजरेने तपासायची, आणि ओढून बघायचंच असेल तर "मागचा पट्टा ओढून बघतो" असं आधी सांगायचं. महिला सहकारी हजर असेल तर तिला करायला सांगा.

बाइकवरून सोडण्याबद्दल: एकदा विचारा. "नको, रिक्षाने जाते" हे पूर्ण उत्तर आहे. "अगं, रिक्षाला रांग आहे" म्हणून आग्रह नको. आणि तुम्हाला जायचं नसेल तर "आज घाई आहे" असली सबब देऊ नका, कारण उद्या घाई नसते. "मी शेअर रिक्षानेच जाते, रोजचं ठरलंय" म्हणा.

कंपनीची बस किंवा कॅब कायद्याच्या व्याख्येत कामाचं ठिकाणच आहे. तिथल्या वागण्याची तक्रार ऑफिसातल्या वागण्यासारखीच करता येते. रात्रपाळीच्या कॅबमध्ये शेवटी कुणाला सोडणार, सोबत गार्ड कधी असतो, हे ॲडमिनला मेलने विचारून ठेवा. तोंडी आश्वासन शिफ्ट बदलली की विसरलं जातं.

६. पैसे

उसने देऊ नका, मागू नका, विशेषतः वरिष्ठाने कनिष्ठाकडे. ऑफिसातली भिशी चांगली चालली तर बरी, पण एकाने मध्येच नोकरी सोडली की उरलेल्यांची बोलणी तुटतात. हाताखालच्या माणसाला विमा, स्कीम, साड्या, लाडू काही विकायला जाऊ नका. त्याला "नाही" म्हणता येत नाही, आणि ते तुम्हालाही माहीत असतं.

७. सण, सहल, फोटो

नवरात्रात नऊ रंगांचे कपडे घालून फोटो काढायची पद्धत आता सगळीकडे आहे. रंग घालायची सक्ती नको. फोटोत यायची तर नाहीच नाही. फोटो कुठे जाणार, फक्त ग्रुपवर की कंपनीच्या पानावर, ते काढण्याआधी सांगा. दुसऱ्याचा फोटो स्वतःच्या स्टेटसला ठेवण्यापूर्वी विचारा, आणि कुणी "काढून टाक" म्हटलं तर कारण न विचारता काढा.

गणपतीची वर्गणी डबा फिरवून घ्या. नावापुढे रकमा लिहिलेली यादी भिंतीवर लावू नका. ऑफिसात हळदीकुंकू करणार असाल तर सगळ्या बायकांना बोलवा, नवरा असलेल्या, नसलेल्या, न झालेल्या सगळ्यांना. ते जमत नसेल तर तो कार्यक्रम घरी करा. चार बायकांना वाण देऊन पाचवीला तिच्या टेबलावर बसवून ठेवणं फार लागतं.

कर्जतची सहल किंवा अलिबागचा मुक्काम कंपनीने काढला असेल तर तिथेही ऑफिसचेच नियम लागू राहतात. "आपण आता ऑफिसात नाही" हे वाक्य चौकशीत टिकत नाही.

८. "नाही" कसं म्हणायचं

तीन भाग, त्याच क्रमाने: माणसाचं नाव, नेमकं काय केलं, काय हवं.

"महेशसर, तुम्ही बोलताना माझ्या खांद्यावर हात ठेवता. ते मला चालत नाही. कृपा करून ठेवू नका."

यात सॉरी नाही, "तुमचा हेतू तसा नसेल, पण" नाही. हसत म्हणू नका. अवघडल्यामुळे आलेलं हसू समोरचा होकार म्हणून घेतो आणि नंतर साक्षीदारही "ती हसत होती" एवढंच सांगतात. तोंडावर बोलायची भीती वाटत असेल तर तेच वाक्य त्याच दिवशी मेलवर लिहा. मात्र त्या वेळी शब्द फुटले नाहीत म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. घाबरून गप्प राहिलेल्या माणसाची त्यात काही चूक नसते.

वरिष्ठाच्या घरगुती कामांनाही हीच रीत. "सर, मुलाची फी भरायला मला जमणार नाही. चारच्या रिपोर्टवर बसलोय."

सहकाऱ्याला कामाबाहेर भेटायचं विचारणं गुन्हा नाही. एकदा, साध्या शब्दांत विचारा. "नाही", "बघू", "सध्या वेळ नाही" या तिन्हींचा अर्थ नाही असाच घ्या. जिचं किंवा ज्याचं अप्रेझल तुमच्या हातात आहे, त्या माणसाला मात्र मुळीच विचारू नका.

९. वहीतली नोंद

त्रास होतोय असं वाटलं की त्याच रात्री लिहा. असं:

"मंगळवार, १२ तारीख. दुपारी सव्वातीन. तिसऱ्या मजल्यावरची पँट्री. मी पाणी भरत होते. ते मागे येऊन उभे राहिले, म्हणाले '...'. मी 'बाजूला व्हा' म्हटलं. दारात अकाउंट्सची एक सहकारी होती, तिने ऐकलं असावं. साडेतीनला बहिणीला मेसेज केला."

शब्द जसे बोलले गेले तसेच अवतरणात लिहा, घाण असले तरी. "अश्लील बोलले" एवढं लिहून काही सिद्ध होत नाही. स्क्रीनशॉट घेताना नंबर, तारीख आणि आधीचे-नंतरचे मेसेज दिसू द्या. नुसतं नाव सेव्ह केलेलं दिसलं तर "तो नंबर माझा नाही" म्हणायला वाट राहते. संतापून चॅट डिलीट करू नका.

१०. तक्रार करायची ठरवली तर

आरडाओरडा, श्रेय लाटणं, सुट्टी अडवणं अशा तक्रारी एचआरकडे लेखी द्याव्यात. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे करायची. "आधी मॅनेजरशी बोला" अशी अट कायद्यात नाही.

मुदत घटनेपासून तीन महिने, आणि प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. अर्ज लेखी हवा, सहा प्रतींत, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीचं कर्तव्य आहे. पोच घेतल्याशिवाय खोलीतून बाहेर पडू नका. पुढचं वेळापत्रक: सात कामाच्या दिवसांत समोरच्याला प्रत, त्याचं उत्तर दहा कामाच्या दिवसांत, चौकशी ९० दिवसांत, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल, आणि त्यावर मालकाने ६० दिवसांत कारवाई. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा लेखी मागता येते. समझोता फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच होतो, आणि तो पैसे देऊन करता येत नाही. समितीपुढे दोघांपैकी कुणालाही वकील उभा करता येत नाही.

"सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच कारवाई होईल" अशी भीती घातली जाते. ते खोटं आहे. पुरावा कमी पडणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे, हे कायद्यातच लिहिलं आहे. ठेकेदाराकडची कामगार, शिकाऊ, इंटर्न या सगळ्या जणी कायद्याखाली येतात. हा कायदा तक्रारदार म्हणून महिलांसाठी आहे. पुरुषाला त्रास होत असेल तर कंपनीचं धोरण बघा, काही कंपन्यांनी ते सर्वांसाठी खुलं ठेवलं आहे.

दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. इथे आपल्याकडची मोठी गल्लत होते. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल, उलवे रायगड जिल्ह्यात, ज्याचं मुख्यालय अलिबागला. बघायचं ते कामाचं ठिकाण, तुमचं घर नव्हे. खारघरला राहून ऐरोलीत काम करत असाल तर समिती ठाण्याची. रायगडचं प्रकरण असेल तर अलिबाग गाठायलाच हवं असं नाही. तालुका आणि नगरपालिका पातळीवर नोडल अधिकारी नेमलेले असतात, त्यांनी अर्ज सात दिवसांत पुढे पाठवायचा असतो. शी-बॉक्स या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

पोलिसांची हद्द मात्र वेगळी आखलेली आहे: खारघर-पनवेल रायगडमध्ये असलं तरी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाखाली येतं. हद्दीवरून कुणी परत पाठवत असेल तर "झिरो एफआयआर घ्या" म्हणा, कुठल्याही पोलीस ठाण्यात ती नोंदवता येते. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१.

तक्रार केल्यावर तिच्याबद्दल ग्रुपवर लिहू नका, स्टेटसही ठेवू नका. नावं आणि तपशील गोपनीय ठेवायचे असतात.

११. कुणी तुम्हालाच "हे चालत नाही" म्हटलं तर

त्या क्षणी फक्त एवढं म्हणा: "बरं झालं सांगितलंत. पुन्हा होणार नाही." हेतू समजावू नका, "मी तर बहिणीसारखं मानतो" म्हणू नका, माफीचे लांब मेसेज पाठवू नका, मध्यस्थ धाडू नका. लेखी तक्रार झाली असेल तर तक्रारदाराशी त्या विषयावर एक अक्षर बोलू नका, उत्तर समितीला मुदतीत द्या आणि तुमच्याकडचे मेसेज, हजेरी, साक्षीदार सोबत जोडा. बाकी कामकाज जसं होतं तसंच राहू द्या. तिचं नाव मेलमधून गाळू नका, तिची फाइल दुसऱ्याला देऊ नका, आणि सोमवारच्या मीटिंगला तिला नेहमीसारखं विचारा, "तुमच्याकडचं काम कुठवर आलं?"